रातोरात पोहोचणाऱ्या पत्राची किंमत

गांधीबागेतला कापडाचा व्यापारी आज मोबाईलवर मालाचा फोटो मागवतो, भाव ठरवतो आणि चहा संपायच्या आत पैसेही पाठवतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी हे सगळे काम एका पत्रावर चालायचे. मालाची मागणी, भावाची चौकशी, बिल, मुलीच्या लग्नाचे आवतण, मय्यतीची खबर, सारे काही टपालाने. गांधीबाग, इतवारी आणि विणकरांच्या मोमीनपुऱ्यातून निघालेले पत्र आगगाडीच्या डब्यातून दूरच्या शहरी पोहोचायला दोन-तीन दिवस घ्यायचे. उत्तर यायला पुन्हा तेवढेच.

मग १९४९ साल उजाडले आणि देशातले टपाल रात्री आकाशातून धावू लागले. या धावपळीचा मध्यबिंदू होता आपले नागपूर, शहराबाहेरचा सोनेगावचा विमानतळ. ही गोष्ट नागपूरकर अभिमानाने सांगतात. तिची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या रातोरात पोहोचणाऱ्या पत्रांची काही किंमत होती आणि ती काही कुटुंबांनी आपल्या माणसांच्या जिवाने मोजली. आज आपण विमानात निर्धास्तपणे डोळे मिटून बसतो. त्या निर्धास्तपणामागे अशाच माणसांचा हिशेब आहे.

चार दिशांचा चौक

योजना साधी होती आणि हुशारीची होती. रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान निघायचे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरला येऊन थांबायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. दिल्लीची थैली मद्रासच्या विमानात, मुंबईची कलकत्त्याच्या विमानात. उतारूही आपापले विमान बदलायचे. मग पहाटेच्या अंधारात चारही विमाने परत फिरायची. आदल्या संध्याकाळी दिल्लीत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासच्या पोस्टमनच्या झोळीत असायचे.

नागपूरची निवड झाली ती नकाशामुळे. देशाच्या जवळजवळ मधोमध असलेले दुसरे एवढे मोठे शहर नव्हते. आगगाड्यांचे मुंबई–कलकत्ता आणि दिल्ली–मद्रास हे रस्ते इथेच एकमेकांना छेदतात. आता आकाशातले रस्तेही इथेच छेदू लागले.

ही सेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. पहिली कंपनी काही महिन्यांतच बंद पडली. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या हाती काम देऊन सेवा पुन्हा उभी करण्यात आली. पुढे हैदराबादच्या डेक्कन एअरवेजची विमानेही या मार्गावर उडाली. १ एप्रिल १९४९ पासून सरकारने आणखी एक पाऊल टाकले. देशातली साधी पत्रे जादा पैसे न घेता विमानाने नेण्याचे ठरले. म्हणजे विमानाचे टपाल ही साहेब लोकांची चैन राहिली नाही. मोमीनपुऱ्यातल्या विणकराचे पत्रही आता आभाळातून जाणार होते.

किदवाई आणि टाटा

या योजनेमागे उभे होते त्या वेळचे दळणवळण मंत्री रफी अहमद किदवाई. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यातले हे स्वातंत्र्यसैनिक. कामाचा झपाटा आणि साधी राहणी यासाठी ते प्रसिद्ध होते. नव्या देशाला जोडायचे तर त्याचे टपाल वेगाने गेले पाहिजे आणि ते गरिबाला परवडले पाहिजे, ही त्यांच्या धोरणाची दिशा होती.

समोर उभे राहिले जे. आर. डी. टाटा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून छोट्या विमानात टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरलेला हा माणूस. टपाल आणि विमान यांचे नाते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्यांनी रात्रीच्या टपाल विमानांना जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे होते. एक, रात्री विमाने सुरक्षित उतरवण्यासाठी लागणारी साधने आपल्या विमानतळांवर अजून पुरेशी नाहीत. दोन, हा व्यवहार पैशाच्या हिशेबातही बसत नाही. मंत्री आणि उद्योगपती यांच्यात जाहीर वाद झाला.

या वादात एक बरोबर आणि दुसरा चूक असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. सेवा चालली आणि लाखो घरांना उपयोगी पडली. पुढे जवळजवळ पाव शतक, सत्तरच्या दशकापर्यंत ती टिकली. त्या अर्थाने किदवाई खरे ठरले. आणि अपघातही झाले. त्या अर्थाने टाटांची भीती पोकळ नव्हती. शिवाय अपघात रात्रीच्या टपालालाच होत होते असेही नाही. टाटांच्या स्वतःच्या विमानसेवेवर १९५० च्या अखेरीस सहा आठवड्यांत दोन मोठे आघात झाले. ३ नोव्हेंबरला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातले ४८ जण गेले. बहुतेक प्रवासी जहाजावर कामाला निघालेले हिंदी खलाशी होते. लगेच १३ डिसेंबरला एअर इंडियाचे एक विमान दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात कोसळले. त्या काळी उडणे हेच मुळात जोखमीचे होते, रात्री असो की दिवसा.

दोन रात्री

नागपूरच्या टपाल विमानांच्या इतिहासात दोन तारखा काळ्या आहेत.

पहिली २१ नोव्हेंबर १९५१. डेक्कन एअरवेजचे डकोटा विमान नागपूरहून कलकत्त्याला निघाले होते. दमदम विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना ते झाडांना धडकले. विमानातल्या १७ पैकी १६ जण गेले. त्यांत ‘तेज’ या उर्दू दैनिकाचे देशबंधू गुप्ता होते. दिल्लीचे हे पत्रकार आणि संसद सदस्य संपादकांच्या अखिल भारतीय संघटनेतही अग्रभागी होते.

दुसरी तारीख तर थेट सोनेगावची. १२ डिसेंबर १९५३. तोवर देशातल्या आठ खासगी विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेऊन १ ऑगस्ट १९५३ पासून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ सुरू केले होते. महामंडळ जेमतेम साडेचार महिन्यांचे होते. पहाटे तीन वाजून गेले होते. टपालाची अदलाबदल आटोपली होती आणि मद्रासचे डकोटा विमान दहा उतारू, चार कर्मचारी आणि थैल्या घेऊन निघाले. जमिनीवरून उठल्यावर थोड्याच वेळात डाव्या बाजूच्या इंजिनाची ताकद गेली. वैमानिकाने विमान अंधारातच जमिनीवर टेकवण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाही. १४ पैकी १३ जण गेले, एकटा वैमानिक वाचला.

गेलेल्यांत कानपूरचे लोकसभा सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. गिरणी कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालवलेले ते ‘इंटक’चे मोठे नेते. बाकीच्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत. पण त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होते. त्या थैल्यांतली पत्रेही कोणाची तरी खुशाली घेऊन चालली होती.

त्या काळचे विमान कसे होते?

हे अपघात समजून घ्यायचे तर आधी ते विमान समजून घेतले पाहिजे. डकोटा म्हणजे अमेरिकेच्या डग्लस कंपनीचे डीसी-३. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. दोन इंजिने, दोन-अडीच डझन उतारूंची जागा आणि कुठल्याही कच्च्या मैदानावर उतरण्याची ताकद. दुसऱ्या महायुद्धात ते हजारोंच्या संख्येने बनले. युद्ध संपल्यावर सैन्याने ती विमाने स्वस्तात विकायला काढली. हिंदुस्थानात पटापट विमान कंपन्या निघाल्या त्या या जुन्या विमानांच्या बळावर. विमान मजबूत होते यात शंका नाही. जगभर ते अनेक दशके उडत राहिले.

पण मर्यादाही होत्या. आजच्या विमानाच्या नाकात हवामान दाखवणारे रडार असते, डकोटात ते नव्हते. पुढे ढग आहे की डोंगर, हे रात्री वैमानिकाला नकाशा, घड्याळ आणि रेडिओच्या खुणेवरून ताडावे लागे. ते फार उंचही जात नसे. त्यामुळे वादळाच्या वरून जाण्याची सोय नव्हती. वादळातूनच वाट काढावी लागे. अनेक विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला रॉकेलचे दिवे लावून रात्री विमाने उतरवली जात.

सर्वात कठीण प्रसंग म्हणजे उडताक्षणी एक इंजिन बंद पडणे. बैलगाडीचा एक बैल चढावर अचानक बसला तर काय होते? गाडी थांबते आणि एका बाजूला ओढलीही जाते. विमानाचेही तसेच होते. चालू इंजिन एका बाजूने जोर लावते आणि बंद इंजिनाचा पंखा हवेला अडवून धरतो. विमान तिरके होऊ पाहते आणि वेग कमी होतो. वैमानिकाला काही सेकंदांत चाके आत घ्यायची, बंद पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवायची आणि विमान सरळ धरायचे असते. उंची हातात असती तर वेळ मिळाला असता. उडताना उंचीच नसते. अंधार असेल तर आकाश कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते तेही दिसत नाही. सोनेगावला त्या पहाटे वैमानिकापुढे हेच संकट होते.

आज मोठ्या प्रवासी विमानाला उडण्याची परवानगी मिळते ती एका अटीवर. ऐन उड्डाणात एक इंजिन गेले तरी उरलेल्या इंजिनावर ते वर चढू शकले पाहिजे. त्यासाठी त्या दिवशीची उष्णता, धावपट्टीची लांबी आणि विमानातले वजन यांचा हिशेब प्रत्येक उड्डाणाआधी केला जातो. वैमानिक हाच प्रसंग जमिनीवरच्या नकली विमानात पुन्हा पुन्हा गिरवतात. हा नियम कोणा एकाच्या डोक्यातून एका दिवशी निघालेला नाही. तो अनेक विमानतळांवरच्या अनेक काळ्या रात्रींतून तयार झाला आहे.

जगाचाही तोच अनुभव

हे संकट आपल्याच देशावर आले होते असे नाही. आपल्या मुंबईत १२ जुलै १९४९ रोजी हॉलंडच्या केएलएम कंपनीचे विमान भर पावसाळ्यात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते. ७ जुलै १९६२ रोजी इटलीचे एक विमान मुंबईला उतरण्याच्या तयारीत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर कोसळले. ९४ जण गेले. दोन्ही ठिकाणी विमान डोंगरावर गेले, दोन्ही वेळा महिना पावसाळ्याचा.

अमेरिकेतही विमानाच्या टपालाने सुरुवातीला वैमानिकांचा मोठा बळी घेतला. १९३४ साली तिथल्या सरकारने खासगी कंपन्यांकडून टपाल काढून घेऊन ते सैन्याच्या वैमानिकांकडे दिले. ऐन हिवाळा होता. रात्रीच्या आणि वादळातल्या उड्डाणांची त्यांना पुरेशी सवय नव्हती. काही आठवड्यांत डझनभर तरुण वैमानिक प्राणाला मुकले. सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला. टपाल वेगाने नेण्याची घाई आणि तयारीची उणीव एकत्र आली की काय होते, याचा धडा जगाने असा घेतला.

‘का?’ असे विचारणारी माणसे

मग विमाने सुरक्षित झाली कशी? फक्त नव्या यंत्रांनी नाही. प्रत्येक अपघातानंतर कोणीतरी चिकाटीने ‘का?’ असे विचारले आणि मिळालेले उत्तर झाकून ठेवले नाही, म्हणून.

१९३१ सालची गोष्ट. अमेरिकेत एक विमान पडले आणि नूट रॉकनी नावाचा फुटबॉलचा लाडका प्रशिक्षक गेला. लोक संतापले. चौकशीत कळले की विमानाचे पंख लाकडाचे होते. आत ओल शिरून त्यांचे सांधे सुटले होते. लोकांच्या रेट्यामुळे अपघाताची कारणे जाहीर करण्याची पद्धत तिथे रुजू लागली. लाकडी पंखांची प्रवासी विमाने मागे पडली आणि संपूर्ण धातूच्या विमानांचा जमाना आला. त्याच वाटेवर पुढे डकोटा जन्मले. म्हणजे सोनेगावला उतरणारे विमान हेही एका जुन्या अपघाताचे उत्तरच होते.

१९५४ साली इंग्लंडची कॉमेट ही जेट विमाने तीन महिन्यांत दोनदा आकाशातच फुटली. पहिल्यांदा ३५ आणि दुसऱ्यांदा २१ जण गेले. शास्त्रज्ञांनी एक आख्खे विमान पाण्याच्या प्रचंड हौदात बुडवले. हवेचा दाब जसा चढतो-उतरतो तसा पाण्याचा दाब ते पुन्हा पुन्हा देत राहिले. शेवटी पत्रा फाटला. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच धातूही थकतो, हे सिद्ध झाले. त्यानंतर जगातली सगळी जेट विमाने हे ध्यानात ठेवून बनवली गेली.

याच कॉमेटच्या चौकशीत ऑस्ट्रेलियाचा एक शास्त्रज्ञ होता, डेव्हिड वॉरेन. त्याच्या मनात आले, शेवटच्या मिनिटांत वैमानिक काय बोलत होते हे ऐकता आले असते तर? त्या विचारातून आज आपण ज्याला ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतो ते यंत्र निघाले. वॉरेन नऊ वर्षांचा असताना, १९३४ साली, त्याचे वडील विमान अपघातातच गेले होते. ते विमान समुद्रात नाहीसे झाले आणि का पडले ते कोणाला नीट कळलेच नाही. त्या पोराने मोठेपणी असे यंत्र दिले की पुढच्या पोरांना निदान कारण तरी कळावे.

आणखी एक नाव घ्यायला हवे, अब्राहम वाल्ड. हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. युद्धात परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोके दिसत, तिथे पत्रा जाड करावा असे सर्वांना वाटत होते. वाल्ड यांच्या कामाने उलट दाखवून दिले. भोके पडूनही ही विमाने परत आली, म्हणजे ती जागा धोक्याची नाही. जी विमाने परत आलीच नाहीत त्यांना कुठे लागले याचा विचार करा. वाचलेल्यांकडे पाहून धोका कळत नाही, हा त्यांचा धडा आजही शिकवला जातो. नशिबाचा खेळ पाहा, हेच वाल्ड हिंदुस्थानात व्याख्याने द्यायला आले असताना पत्नीसह निलगिरीतल्या त्या १३ डिसेंबर १९५० च्या अपघातात गेले.

तकदीर आणि तदबीर

आपल्या घरांत एखादा अपघात झाला की पहिले वाक्य असते, ‘अल्लाहची मर्जी, वेळ भरली होती.’ दुःखात बुडालेल्या घराला सावरायला या वाक्याइतका आधार दुसरा नाही. ते वाक्य त्या घरासाठी आहे. ज्याने यंत्र तपासायचे होते, ज्याने धावपट्टीवर दिवे लावायचे होते, ज्याने वजन मोजायचे होते, त्याला मात्र ते तोंडी घेण्याचा अधिकार नाही. तकदीर मानणाऱ्या माणसावर तदबीर करण्याची जबाबदारी आहेच. आधी बंदोबस्त, मग भरवसा, हेच आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकवले आहे.

विमानाच्या जगाने ही गोष्ट नियमात बसवली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने १९५१ साली अपघाताच्या चौकशीचे नियम पहिल्यांदा मंजूर केले. त्या नियमांचा गाभा असा की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे. कोणाला दोषी ठरवणे हे तिचे काम नाही. ते काम न्यायालयाचे. माणूस शिक्षेच्या भीतीने गप्प बसला तर खरे कारण कधीच कळत नाही आणि तोच अपघात पुन्हा होतो. आपल्याकडेही २०१२ पासून यासाठी स्वतंत्र चौकशी विभाग आहे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान पडले, तेही उडाल्यावर काही क्षणांतच. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर तासाभरात डझनभर कारणे येऊन पडली. वैमानिकाची चूक, पक्षी, घातपात, काय नव्हते त्यात! आपल्यापैकी अनेकांनी ती पुढेही ढकलली. ज्या घरातला माणूस गेला त्या घरी ते निरोप कसे पोहोचले असतील? खरे कारण शोधायला वेळ लागतो. सोनेगावच्या काळात लागत होता, आजही लागतो. तोपर्यंत गप्प राहणे हीही त्या घरांची एक सेवा आहे.

आपल्या रस्त्यावरचे अपघात

हा धडा आकाशापुरता नाही. गांधीबागेच्या गर्दीत कठड्याशिवायच्या जिन्यावरून हमाल पाठीवर गठ्ठे घेऊन चढतो. कापडाच्या गोदामात विजेच्या तारा लोंबत असतात. एकाच दुचाकीवर चौघे जण शाळेला निघतात. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ असे आपण म्हणतो. वाल्ड यांचा धडा इथे आठवावा. काही झाले नाही हे वाचलेल्यांचे बोलणे आहे. विमानवाल्यांनी थोडक्यात टळलेल्या प्रसंगाचीही नोंद ठेवायची सवय लावून घेतली. आपल्या दुकानात, कारखान्यात, मदरशात, शाळेत आपण ती का लावू नये? तार तापली, जिना हलला, सिलिंडरचा वास आला, तर त्याच दिवशी सांगायचे. आणि सांगणाऱ्यावर ओरडायचे नाही.

आज सोनेगावचा तो विमानतळ डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून ओळखला जातो. विदर्भातले हजचे प्रवासी तिथूनच निघतात. मुंबई–कोलकाता आणि दिल्ली–चेन्नई हे हवाई रस्ते आजही नागपूरच्या आभाळात एकमेकांना छेदतात आणि त्या विमानांना वाट दाखवण्याचे काम नागपूरचे नियंत्रक रात्रंदिवस करतात. घरचे लोक गळाभेट घेतात, दुआ करतात आणि परत येताना त्यांच्या मनात विमान पडेल अशी भीती सहसा नसते. ही बेफिकिरी आपण कमावलेली नाही. ती आपल्याला मिळालेली आहे. हरिहरनाथ शास्त्री, देशबंधू गुप्ता, माँ ब्लाँच्या बर्फात राहिलेले खलाशी आणि टपालाच्या थैल्यांसोबत निघालेले ते अनाम उतारू, या सर्वांच्या मागे कोणीतरी ‘का?’ असे विचारले, म्हणून. पुढच्या वेळी आपल्या माणसासाठी दुआ मागताना दोन शब्द त्यांच्यासाठीही मागावेत.